संत्री, आंबलेले दात आणि उपचार

मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा मराठी मुलूख संत्र्यांसाठी ओळखला जातो. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. भरपूर संत्री खाल्ल्यावर दात आंबणे स्वाभाविक आहे; मात्र नंतरही थंड पाण्याच्या घोटाने कळ येत असेल, तर ती दातांची संवेदनशीलता समजावी.

दातावरील एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. तरीही सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की तो विरघळू लागतो आणि संत्र्याच्या रसाचा सामू साधारणतः ३.५ ते ४ असतो. एनॅमल झिजल्यास किंवा हिरड्या मागे सरकल्यास आतील दंतिन उघडे पडते. त्यातील सूक्ष्म नलिकांमधील द्रव थंड, गरम वा गोड पदार्थांमुळे हलतो आणि मज्जातंतू चेतवतो.

यासाठी संत्री सोडण्याची गरज नाही. ती दिवसभर थोडी थोडी खाण्याऐवजी एकाच वेळी खावीत व पाण्याने चूळ भरावी. आम्लाने मऊ झालेले दात लगेच घासल्यास अधिक झिजतात. म्हणून किमान अर्धा तास थांबावे. मऊ ब्रश वापरावा. मिशरी, कोळसा व खरखरीत दंतमंजन टाळावे. पोटॅशियम नायट्रेट किंवा फ्लोराइडयुक्त पेस्टने काही आठवड्यांत आराम पडतो.

एकाच दातात कळ येत असेल, रात्री ठणका लागत असेल, तर कीड किंवा तडा संभवतो. तेथे पेस्टवर विसंबू नये, दंतवैद्यांना दाखवावे.