फ्रेंच साधा भूतकाळ आणि मराठी इतिहासलेखन

मद्रासच्या दक्षिणेस मैलापुरास लागून असलेल्या सान थोमे या किनारी वसाहतीचा उल्लेख मराठी इतिहासग्रंथांतून क्वचितच येतो. परंतु शिवकालाविषयी फ्रेंच भाषेत जे लेखन झाले, त्याच्या दोन महत्त्वाच्या कर्त्यांचा या स्थळाशी संबंध आला होता. पोर्तुगीजांनी वसविलेले व 1662मध्ये गोवळकोंड्याच्या ताब्यात गेलेले हे ठाणे जुलै 1672मध्ये द ला हे या फ्रेंच सेनानीने जिंकले. पुढे गोवळकोंड्याचे सैन्य व डच आरमार यांच्या वेढ्यात दोन वर्षे तग धरून सप्टेंबर 1674मध्ये फ्रेंचांनी ते सोडले. या काळात विजापूर-गोवळकोंड्याच्या मुलखातून प्रवास करीत आबे कारे हा फ्रेंच राजाचा दूत येथे येऊन पोहोचला. आणि कंपनीच्या सेवेतील फ्रांस्वा मार्तँ हाही या मोहिमेत गुंतलेला होता. कारेने शिवाजीची तुलना स्वीडनच्या गुस्ताव्ह आडोल्फशी केली. मार्तँने पाँडिचेरीहून 1677ची कर्नाटक स्वारी जवळून पाहिली व जेर्मँ नावाचा वकील शिवाजीच्या छावणीत धाडला.

या लेखनातील माहितीचा उपयोग इतिहासकारांनी केलेला आहे. कारेच्या शिवचरित्राचा इंग्रजी अनुवाद सुरेंद्रनाथ सेन यांनी 1927मध्ये प्रसिद्ध केला, कारेची हस्तलिखित रोजनिशी हॅक्लूट सोसायटीने 1947-48मध्ये इंग्रजीत आणली, मार्तँच्या आठवणी आल्फ्रे मार्तिनो यांनी 1931 ते 1934 या काळात मूळ फ्रेंचमध्ये संपादिल्या, आणि व्ही. जी. हातळकर यांनी फ्रेंच-मराठा संबंधांवरील आपला ग्रंथ 1958मध्ये मूळ फ्रेंच साधनांच्या आधारे सिद्ध केला. परंतु मजकुराकडे जेवढे लक्ष गेले तेवढे त्याच्या क्रियापदांकडे गेले नाही. वस्तुतः फ्रेंच भाषेत एखादी घटना कोणत्या भूतकाळात सांगितली आहे, यावर पुष्कळ वेळा त्या घटनेचा अर्थच अवलंबून असतो.

फ्रेंच भाषेत घडून गेलेल्या गोष्टीसाठी मुख्यतः तीन रूपे आहेत. एक अपूर्ण भूतकाळ. तो चालू स्थिती वा नित्याची रीत सांगतो. दुसरा संयुक्त भूतकाळ. ‘असणे’ किंवा ‘जवळ असणे’ या अर्थाच्या सहायक क्रियापदास भूतकालवाचक धातुसाधित जोडून तो सिद्ध होतो. तिसरा साधा भूतकाळ, म्हणजे लॅटिनमधील परोक्ष रूपांचा थेट वारस. याची रूपे चार गणांत चालतात. ‘आरिव्हे’ म्हणजे पोहोचणे, या वर्गातील धातूंना ‘आ’कारी प्रत्यय लागतात : तो ‘आरिव्हा’, आम्ही ‘आरिव्हाम’, ते ‘आरिव्हेर’. ‘घेणे’ या अर्थाच्या धातूचे रूप ‘ई’कारी होते : एकवचनी ‘प्री’, अनेकवचनी ‘प्रीर’. ‘असणे’ या धातूचे ‘फ्यु’, ‘इच्छिणे’ याचे ‘वुल्यु’ हा तिसरा गण; आणि ‘येणे’ याचे अनुनासिक ‘वँ’ हा चौथा. बोलण्यातून ही रूपे हळूहळू नाहीशी झाली. लिहिण्यात मात्र कथा, चरित्र व इतिहास यांचे आसन त्यांच्याकडेच राहिले.

मराठी वाचकास हा प्रकार अगदीच परका वाटू नये. संस्कृतातील लङ्, लुङ् व लिट् ही तीनही भूतकालवाचक आख्याते प्राकृतातून झिजत गेली आणि त्यांची जागा ‘गत’, ‘कृत’ अशा धातुसाधितांनी घेतली. त्यांनाच ‘ल’ प्रत्यय जोडून आपली ‘गेला’, ‘केला’ ही रूपे आली. झ्यूल ब्लोक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात हा क्रम तपशिलाने दाखविला आहे, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादामुळे तो मराठीतही उपलब्ध झाला. म्हणजे जे स्थित्यंतर फ्रेंच बोलीत संयुक्त भूतकाळाच्या द्वारे अलीकडे घडले, ते मराठीच्या पूर्वजांत कितीतरी आधी पूर्ण झाले होते. ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ यात क्रियापद कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी होते; फ्रेंच संयुक्त भूतकाळातही कर्म आधी आले असता धातुसाधित त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. दोहोंचे मूळ एकाच प्रवृत्तीत आहे.

केवळ लेखनात जगणारे भूतकालवाचक रूप मराठीतही एक आहे. पण ते वेगळ्या कामाचे. ‘तो रोज येई’, ‘ती ओव्या गाई’ हे रीतिभूत रूप आज बोलण्यात फारसे ऐकू येत नाही; तेथे ‘यायचा’, ‘गायची’ ही रूपे येतात. मोरो केशव दामले यांच्या व्याकरणकाळी जे रूप सहज वाटे, ते आता वाङ्मयीन झाले आहे. उगमाने हे रूप जुन्या वर्तमानकाळाचे आहे. तात्पर्य, फ्रेंचने लेखनासाठी एकदाच घडलेल्या घटनेचे रूप राखून ठेवले, तर मराठीने पुनःपुन्हा घडणाऱ्या रीतीचे. म्हणूनच फ्रेंच साध्या भूतकाळाचे अनुवादन मराठीत केवळ रूपसादृश्याने साधत नाही.

येथे सतराव्या शतकातील एका नियमाकडे वळणे आवश्यक आहे. पोर-रोयालच्या 1660मधील व्याकरणाने असे सांगितले की, साधा भूतकाळ निदान एक दिवस मागे पडलेल्या घटनेसच लावावा. आज सकाळी घडलेल्या गोष्टीस संयुक्त रूपच योग्य. हा नियम केवळ शाळेतला नव्हता. कोर्नेय याच्या ‘ल सीद’ या 1637च्या नाटकात त्याच दिवशीच्या प्रसंगास साधा भूतकाळ वापरल्याचा दोष फ्रेंच अकादमीने दाखविला होता. कारे व मार्तँ ज्या पिढीत लिहू लागले ती याच शिस्तीत वाढलेली होती. त्यामुळे वेढ्यातील एखादी हकीगत संयुक्त भूतकाळात असेल तर ती त्याच दिवशी टिपली गेल्याचा संभव वाढतो, साध्या भूतकाळात असेल तर मागाहून रचलेल्या कथनाचा. अर्थात हा पुरावा एकटा पुरेसा नव्हे. नकलकार रूपे बदलतात, आणि आठवणी लिहिणारा जुन्या टिपणांतील वाक्ये जशीच्या तशी उतरूनही घेतो. कारेची तर एक हस्तलिखित रोजनिशी आहे आणि दुसरा 1699मध्ये पॅरिसला छापलेला प्रवासग्रंथ. या दोहोंच्या तौलनिक वाचनात क्रियापदांचे काळ हा दुर्लक्षिण्याजोगा तपशील नाही.

अनुवादाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, काही धातूंचा अर्थच काळाबरोबर पालटतो. ‘इच्छिणे’ हा धातू अपूर्ण भूतकाळात आला तर ‘किल्ला घ्यावा अशी त्याची इच्छा होती’ असा अर्थ होतो. साध्या भूतकाळात आला तर ‘त्याने किल्ला घेण्याचा प्रयत्न केला’. ‘जाणणे’ याचे अपूर्ण रूप ‘त्यास ठाऊक होते’ असे, तर साधे रूप ‘त्यास कळले’ असे. ‘शकणे’ अपूर्णात केवळ सामर्थ्य सांगते. साध्या भूतकाळात कार्य सिद्धीस गेल्याचे. ‘असणे’ याचे साधे रूप पुष्कळदा ‘होता’ नव्हे, तर ‘झाला’ असते. शत्रूची हालचाल सेनानीस आधीपासून ठाऊक होती की त्या क्षणी कळली, यावर एखाद्या लढाईचा निर्णय व एखाद्या माणसाची कीर्ती अवलंबून राहते. इंग्रजी अनुवादात ही दोन्ही रूपे बहुधा एकाच साध्या भूतकाळात मिळून जातात. ‘होता’ आणि ‘झाला’, ‘ठाऊक होते’ आणि ‘कळले’ हे भेद मराठीने जिवंत ठेवले आहेत. तेव्हा फ्रेंच साधनांचा इंग्रजीच्या द्वारे अनुवाद करणे म्हणजे आपल्याच भाषेतील सामर्थ्याचा त्याग करणे होय.

मात्र एका ठिकाणी मराठीची मुभा अनुवादकास मोहात पाडते. फ्रेंच लेखक शिवाजीविषयी एकवचनी लिहितो. मराठीस ‘शिवाजीने’ व ‘महाराजांनी’ यांतून निवड करावीच लागते. ज्या आदराचा उच्चार मुळात झालेला नाही तो कारेच्या तोंडी घातला, तर त्याच्या स्तुतीचे मोल कमी होते. त्याने केलेली तुलना परक्या माणसाने आपल्या मापाने केलेली आहे, म्हणूनच ती मोलाची.

एमील बेंव्हेनिस्त यांनी 1959च्या निबंधात साध्या भूतकाळाचे मर्म असे सांगितले की, या काळातील कथनात बोलणारा कोणी दिसत नाही. घटना आपण होऊनच क्रमाने उभ्या राहतात. रोलाँ बार्त यांनी 1953मध्येच हे रूप म्हणजे वाङ्मयाने स्वतःस लावलेली मुद्रा असल्याचे दाखविले होते, आणि आल्बेर कामू यांच्या 1942च्या ‘लेत्राँजे’ कादंबरीने ते रूप टाळून संयुक्त भूतकाळात कथा सांगितली तेव्हा त्या मुद्रेचा अभावही अर्थपूर्ण ठरला. आपल्या बखरीचा निवेदक याहून वेगळा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कृष्णाजी अनंत सभासद जिंजीस, राजारामाच्या आज्ञेवरून, शिवचरित्र लिहीत होता. मार्तँच्या पाँडिचेरीहून ते ठिकाण फार दूर नाही. सभासदाच्या कथनात सांगणारा व ऐकणारा धनी हे दोघेही सतत उपस्थित असतात. त्याची ‘ने’कारान्त कर्त्याची कर्मणी रचना कर्त्याचे कर्तृत्व पुढे मांडते. एकाच पुरुषाविषयी, एकाच मुलखाच्या आसपास, दोन भाषांत दोन प्रकारच्या भूतकाळांची रचना व्हावी, हा योगायोग अभ्यासकांनी वाया जाऊ देऊ नये.

फ्रेंच साधनांच्या मराठी अनुवादाचे काम पुढे न्यावयाचे असेल, तर घटना, रीत, स्थिती व कालांतर यांचे भेद मूळ रूपांवरून ठरवून मगच मराठी क्रियापद निवडावे लागेल. सान थोमेची तटबंदी उरली नाही. मैलापुराच्या त्या किनाऱ्यावर दोन वर्षांत काय घडले, कोणास केव्हा कळले आणि कोणी काय केवळ इच्छिले, हे आता बव्हंशी या क्रियापदांतच शिल्लक आहे.