विद्यार्थ्यांची अंगदुखी, ताण आणि वजन

मान अवघडणे, खांदे भरून येणे, कंबर धरणे या उतारवयाच्या तक्रारी समजल्या जातात. परंतु देशोदेशीच्या विद्यापीठांमधील पाहण्यांत ऐन विशीतील विद्यार्थीही त्या मोठ्या प्रमाणावर नोंदवत असल्याचे आढळून आले आहे. मान, खांदे आणि कंबर ही दुखण्याची नेहमीची ठिकाणे होत. वैद्यक, दंतवैद्यक आणि परिचर्या या शाखांमधील विद्यार्थ्यांची अशी पाहणी अधिक वेळा झाली आहे.

दुखणे नोंदविण्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली ‘नॉर्डिक’ प्रश्नावली सर्वत्र वापरली जाते. तीत शरीराचे नऊ भाग करून मागील १२ महिन्यांत व मागील ७ दिवसांत तेथे त्रास झाला काय, असे विचारले जाते. ताणाची मोजपट्टी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केली. तिच्या दहा प्रश्नांच्या आवृत्तीत ० ते ४० गुण असतात. गेल्या महिनाभरात आयुष्य किती अनिश्चित व आवाक्याबाहेरचे वाटले, हे त्यातून समजते.

वजनाचा निकष मात्र भारतीयांसाठी काहीसा वेगळा आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की देहभार निर्देशांक, अर्थात बीएमआय मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २५ पासून जादा वजन आणि ३० पासून स्थूलता मानली जाते. भारतीयांमध्ये तेवढ्याच निर्देशांकाला शरीरातील चरबी, विशेषतः पोटावरील, अधिक असते. त्यामुळे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मार्गदर्शक सूचनांत या सीमा अनुक्रमे २३ आणि २५ अशा ठरविण्यात आल्या. १.६५ मीटर उंचीच्या ६५ किलो वजनाच्या विद्यार्थ्याचा निर्देशांक सुमारे २३.९ येतो, म्हणजे जागतिक निकषाने तो सामान्य, तर भारतीय निकषाने जादा वजनाचा ठरतो.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. परीक्षेच्या ताणाने मान व खांद्यांचे स्नायू नकळत आवळलेले राहतात, झोप उडते आणि अपुऱ्या झोपेने वेदना अधिक तीव्र वाटते. जागरणात चहा-बिस्किटे, वडापाव, नूडल्स यांवर भूक भागविली जाते. दुखते म्हणून हालचाल कमी होते आणि वजन वाढते. वसतिगृहातील खोलीत बहुधा खाट हेच टेबलही असते. तीवर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास वाकून बसल्यास सुमारे पाच किलो वजनाच्या डोक्याचा भार मानेच्या स्नायूंवर पडत राहतो.

मात्र यांतील बहुतेक पाहण्या एकाच वेळी केलेल्या असतात. आधी ताण की आधी दुखणे, हे त्यांवरून सांगता येत नाही. वजनाचेही तसेच आहे. जादा वजनाचा भार गुडघ्यांवर पडतो हे खरे. पण सडपातळ विद्यार्थ्यांचीही मान दुखते. ‘आधी वजन कमी करा’ एवढाच सल्ला देऊन तरुण रुग्णाची बोळवण करणे म्हणूनच अपुरे ठरते. भारतात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते आणि तीमुळेही हाडे व स्नायू दुखतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आहे. वजन न घटताही व्यायामाने कंबरदुखी आणि मनावरील ताण कमी होऊ शकतो. ताण असह्य झाल्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

एका प्रकारच्या कंबरदुखीकडे मात्र ताण किंवा बैठकीचे दुखणे समजून दुर्लक्ष होता कामा नये. मणक्यांचा दाहक संधिवात, म्हणजे ‘अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस’, बहुधा पंचेचाळिशीच्या आत, पुष्कळदा विशीतच सुरू होतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे दुखणे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक राहणारा ताठरपणा, पहाटे दुखण्याने येणारी जाग आणि विश्रांतीने नव्हे तर हालचालीने वाटणारा आराम, ही त्याची लक्षणे होत. साध्या कंबरदुखीला बहुधा विश्रांतीने बरे वाटते, येथे उलट घडते. सुरुवातीच्या काळात क्ष-किरण छायाचित्र निर्दोष दिसू शकत असल्याने निदानास अनेकदा काही वर्षांचा विलंब होतो. अशा वेळी संधिवाततज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. एमआरआय आणि ‘एचएलए-बी२७’ ही रक्ततपासणी निदानास साहाय्यभूत ठरते.