पायाची शीर, हृदयाचा दाब

बाबांच्या बायपासनंतर त्यांच्या पायावरची टाक्यांची लांब रांग बघून प्रश्न पडला, हृदयाला पायाची शीर चालते कशी? चालते, पण कुरकुरत! १९६७ साली क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरोंनी ही पद्धत रुळवली. पण शीर पडली कमी दाबाची. धमनीचा दाब आला की फुगते, मग आतून जाड होत हळूहळू बुजते. १९१२ चं नोबेल मिळवणाऱ्या अलेक्सिस कॅरेलना हे जाड होणं त्याआधीच कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. म्हणजे बग शंभर वर्षं जुना!

त्यावर दोन उपाय पुढे आले. एक, बाहेरून जाळीचा आधार. दुसरा, शिरेला रोझ बेंगाल रंग लावून हिरवा प्रकाश टाकायचा. भिंतीतलं कोलॅजन गुंफून घट्ट होतं. हा प्राण्यांवर तपासलाय. तत्त्व एकच, फुगू द्यायचं नाही.

बाबांच्या शिरेला यातलं काहीच नाही. तिची भिस्त गोळ्यांवर आणि रोजच्या चालण्यावर. म्हणून हल्ली संध्याकाळी मीही सोबत निघतो.