आंबडवे ते आंबेडकर नगर

आपल्या वर्गाची हजेरी आठवते? शिरगावकर, नेवरेकर, मालगुंडकर... सर नावं घेत, तेव्हा जिल्ह्याचा नकाशाच वाचल्यासारखं वाटे. कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ जोडला की आडनाव तयार. त्यातून गाव कळतं, जात कळत नाही.

अशाच एका आडनावाचा प्रवास इथे मांडतो. आपल्या जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे सकपाळ कुटुंबाचं मूळ गाव. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी नोकरीत महूला होते. तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा मुलगा भिवा जन्मला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तो साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाला. रजिस्टरात नोंद झाली : भिवा रामजी आंबेडकर. गावाचं नाव थोडं बदलून आडनाव झालं. त्या आडनावात जात नव्हती, तरी वर्गात त्याला वेगळंच बसावं लागे.

पुढे तेच आडनाव पुन्हा ठिकाणांना मिळालं. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशात आंबेडकर नगर जिल्हा झाला, २००३ मध्ये महूचं नाव डॉ. आंबेडकर नगर झालं. महाराष्ट्रात मात्र मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराला १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या काळात घरं जळाली, माणसं गेली.

आता ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मित्रहो, मंडणगडच्या बाजूला गेलात, तर मुलानातवंडांना आंबडव्याला जरूर न्या.