रसाची बाटली आणि गुणाचा दावा



उन्हाळ्याच्या दिवसांत नगर-मनमाड रस्त्याने जाऊ लागलात, की वाटेत ठिकठिकाणी रसवंतीचे घुंगरू कानी पडतात. तहानलेल्या माणसाचे पाय आपोआप तिकडे वळतात. पेलाभर उसाचा रस, त्यात लिंबाची फोड, चिमूटभर मीठ. माणूस रस पितो, “बरं वाटलं बुवा” म्हणतो, पैसे देतो आणि वाटेला लागतो. माझा रस प्या म्हणजे तुमचा सांधेवात जाईल, असे रसवंतीवाला कधी म्हणत नाही. तो तहान भागवण्याचे पैसे घेतो आणि तहान भागते. व्यवहार कसा सरळ आहे.

अलीकडे मात्र दुसऱ्या तऱ्हेचा रस आपल्या गावांत पोचला आहे. हा बाटलीत भरून येतो. कधी नोनीचा, कधी कोरफडीचा, कधी गव्हांकुराचा, तर कधी नाव घेतानाही जीभ अडखळावी अशा परदेशी फळाचा. ‘सुपरफूड’ म्हणजे जणू अन्नांतले महाअन्न, असे त्याचे वर्णन करतात. पुष्कळदा तो दुकानातून न येता ओळखीच्या नाहीतर नात्यातल्या माणसाच्या हातून येतो, त्यामुळे ‘नको’ म्हणणेही जड जाते. बाटलीबरोबर छापील कागद असतो. त्यावर मधुमेह, रक्तदाब, मूतखडा, कर्करोग अशी यादी असते. सकाळी उपाशीपोटी दोन झाकणे घ्या, बाकी चिंता नको! आणि एका बाटलीपायी मजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी सहज खर्ची पडते.

आता हे खरे मानावे की खोटे? नुसते हसून सोडून देण्याजोगा हा प्रश्न नाही. कारण एका रसाने एकदा खरोखरच हजारो माणसांचे प्राण वाचविले आहेत. तो इतिहास आधी पाहू, म्हणजे आजच्या बाटलीची परीक्षा कशी करावी हे आपोआप कळेल.

अठराव्या शतकात युरोपातली जहाजे महिनोन् महिने समुद्रावर असत. खलाशांना खायला वाळकी बिस्किटे आणि खारवलेले मांस. काही आठवडे गेले, की हिरड्या सुजून रक्त येई, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत, अंगातले त्राण जाई आणि माणूस मरे. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. त्यावर औषधे सांगणारे पुष्कळ होते आणि प्रत्येकाला आपल्याच औषधाची खात्री होती.

१७४७ साली इंग्रजी आरमारातील ‘सॅलिसबरी’ जहाजावर जेम्स लिंड नावाचा डॉक्टर होता. त्याने एक साधी गोष्ट केली. सारख्याच स्थितीतले बारा रोगी निवडले, त्यांना एकाच जागी ठेवले, एकच अन्न दिले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाचे आंबवलेले पेय, दुसरीला पातळ केलेले गंधकाम्ल, तिसरीला शिरका, चौथीला समुद्राचे पाणी, पाचवीला रोज दोन संत्री व एक लिंबू, तर सहावीला लसूण-मोहरी वगैरेंची गोळी. सहा दिवसांत संत्री-लिंबे संपून गेली. पण तेवढ्यात त्या जोडीतला एक खलाशी कामावर जाण्याजोगा झाला आणि दुसरा बाकीच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करू लागला. इतरांत असा गुण कुठेच दिसला नाही.

लिंडने ‘माझा विश्वास आहे’ असे म्हटले नाही, ‘अमक्या गृहस्थाला गुण आला’ असेही म्हटले नाही. त्याने तुलना केली. औषधाची खरी परीक्षा तिथून सुरू झाली, असे पुष्कळ जण मानतात.

पुढची हकीगतही तितकीच बोधप्रद आहे. लिंडचे पुस्तक १७५३ साली छापले गेले, पण आरमाराने लिंबाचा रस नियमाने देण्यास १७९५ साल उजाडले. मधल्या काळात जहाजावर रस टिकावा म्हणून लिंडनेच एक युक्ती सुचविली होती. रस आटवून दाट करायचा आणि बाटलीत भरायचा. पण आटवताना त्यातला गुणच उडून जाई. ज्याने लिंबाचा गुण सिद्ध केला, त्याच्याच बाटलीत तो गुण फारसा उरला नाही!

१८६० नंतर आणखी एक घोटाळा झाला. आरमाराने भूमध्य समुद्राकडील मोठ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीज बेटांतल्या लहान हिरव्या लिंबाचा रस वापरावयास घेतला. त्यात मुळातच गुण कमी, आणि साठवताना हवा व उजेड लागून तो आणखी घटे. १८७५-७६ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या इंग्रजी मोहिमेतील माणसांना स्कर्व्हीने गाठले, तेव्हा ‘लिंबाचा रस म्हणजे थोतांडच’ असे काही विद्वान म्हणू लागले. खुलासा व्हायला १९३२ साल यावे लागले. लिंबातला तो गुण म्हणजे क जीवनसत्त्व, हे त्या साली पक्के झाले.

आपल्या देशातही असा दाखला आहे. १९४० च्या सुमारास तेव्हाच्या पंजाबातील हिसार जिल्ह्यात मोठा दुष्काळ पडला होता. हिरवा पाला दिसेना आणि लोकांना स्कर्व्ही झाली. तेव्हा आवळ्याने गुण आला. परदेशी औषधाची गरज पडली नाही.

या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की, लिंबाने एकच रोग बरा केला, आणि तोही एका विशिष्ट पदार्थाच्या उणिवेमुळे होणारा. उणीव भरली, रोग गेला. ज्याच्या अंगात ती उणीव नाही, त्याने बादलीभर लिंबूरस प्याला तरी तो काही अधिक निरोगी होत नाही. दुसरी, गुण तुलनेने सिद्ध झाला, सांगोवांगीने नव्हे. आणि तिसरी, फळात आहे ते बाटलीत असेलच असे नाही.

आता ही तीन मापे घेऊन आजच्या बाटल्यांकडे वळू.

नोनीचे झाड आपल्याला अगदी परके नाही. त्याला व त्याच्या जवळच्या जातीला आपल्याकडे बारतोंडी किंवा आल म्हणतात, आणि त्याच्या मुळांपासून कापडाला तांबडा रंग देत असत. १९९६ पासून अमेरिकेतील एका कंपनीने या फळाचा रस जगभर विकावयास सुरुवात केली. मधुमेह, कर्करोग अशा रोगांवरचे दावे झाले. तेव्हा १९९८ साली अमेरिकेतील चार राज्यांनी कंपनीला धरले आणि पुराव्यावाचून असे दावे करणार नाही, हे तिला कबूल करावे लागले. युरोपात २००३ साली या रसाला विक्रीची परवानगी मिळाली, पण ती पेय म्हणून, औषध म्हणून नव्हे.

दुसरे उदाहरण डाळिंबाचे. हे तर आपल्या घरचेच पीक. राहाता, संगमनेर, पारनेर या तालुक्यांत डाळिंबाने किती संसार उभे केले, हे तुम्हांला मी सांगावयास नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मृदुला, आरक्ता, भगवा या जाती दिल्या. डाळिंब उत्तम फळ आहे यात शंका नाही. पण अमेरिकेत ‘पोम वंडरफुल’ या डाळिंबरसाच्या कंपनीने हृदयरोग व कर्करोग यांवर गुण येतो, अशा जाहिराती केल्या. २०१० साली तिथल्या व्यापार आयोगाने तक्रार केली, २०१३ साली जाहिराती फसव्या ठरविल्या आणि २०१५ साली अपील न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम केला. संशोधनावर कोट्यवधी डॉलर खर्च केल्याचे कंपनीने सांगितले होते. पण लिंडने केली तशी नीट तुलना दाखवा म्हटल्यावर दाव्याइतका पुरावा निघाला नाही.

मौज अशी की, रस काढताना आपण फळातला चोथा टाकून देतो आणि साखर तेवढी ठेवतो. पेलाभर डाळिंबाच्या रसात साधारण २५ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की मोठ्या माणसाने वरची साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर अधिक बरे. या हिशेबात फळाच्या रसातली साखर धरतात, अख्ख्या फळातली धरत नाहीत. २०१३ साली सुमारे १,८७,००० अमेरिकी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अख्खी फळे खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला आणि फळांचा रस नेहमी पिणाऱ्यांत थोडा अधिक. ही नुसती पाहणी आहे, पक्का पुरावा नव्हे. पण मधुमेह घालविण्यासाठी रस पिणाऱ्याने क्षणभर थांबावे, एवढे तिच्यात नक्कीच आहे.

काही रस तर थेट जिवावर बेततात. दुधी भोपळ्याचा रस पुष्कळ लोक रोज सकाळी घेतात. दुधी कडू निघाला, तर त्यात विषारी द्रव्य असते. २०१० साली दिल्लीत असा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने चौकशी केली आणि बजावले, की रस काढण्यापूर्वी फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास दुधी फेकून द्यावा, आणि असा रस पोटात जाऊन उलट्या-जुलाब सुरू झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा. आपल्या आयाबहिणी दुधी चिरताना आधी देठाकडचा तुकडा जिभेला लावून बघतात ना? तेच शहाणपण समितीने सांगितले.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. बाटली सुरू केली म्हणून माणूस इन्शुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करतो. रसाने अपाय केला नाही तरी बंद पडलेले औषध अपाय करते. मूत्रपिंड बिघडलेल्यांनी तर पोटॅशियमयुक्त रस डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नये.

या बाबतीत कायदा नाही असे समजू नका. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा रोगांवर हमखास उपायाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. २०१८ साली खाद्यपदार्थांवरील दाव्यांसाठी नियम झाले, आणि २०२४ साली पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसाला ‘शंभर टक्के फळांचा रस’ म्हणू नये, असा आदेश निघाला. पण घरी येऊन कानात सांगितलेल्या दाव्याला कायदा कुठवर पुरणार? तिथे आपणच सावध असावयास पाहिजे.

मग खायचे काय? राहात्याचा पेरू खा. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते, आणि पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅमची. श्रीगोंद्याचे कागदी लिंबू जेवताना ताजेच पिळा, म्हणजे त्यातला गुण आटायलाही नको आणि उडायलाही नको. डाळिंबाचे दाणे चावून खा. यांची जाहिरात कोणी करत नाही, म्हणून त्यांचे मोल कमी होत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. लिंडच्या बारा खलाशांची गोष्ट वर्गात सांगा, आणि मुलांना तीन प्रश्न शिकवा. हा रस नेमकी कोणती उणीव भरतो? तुलना कोणी आणि कशी केली? फळातला गुण बाटलीत उरला का? मग पाहुणे बाटली घेऊन घरी आले, की एखादे पोर मोठ्यांदेखत हेच तीन प्रश्न विचारील. उत्तर आले नाही, तर पाहुण्यांना चहा द्यावा, दोन पेरू कापून पुढे ठेवावेत आणि बाटली मात्र परत पाठवावी.