धाव, नाडा आणि साखळी

गेल्या हिवाळ्यात एका पहाटे आमच्या भाच्याचा दूरध्वनी आला. तो कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे असतो. तिकडे दुपार उलटली होती. मुलांना बर्फ दाखवावा म्हणून तो ताहो सरोवराकडे निघाला होता आणि सिएरा नेवाडा पर्वताच्या चढावर पोलिसांनी गाडी अडवली होती. चाकांना साखळ्या चढवल्याखेरीज पुढे सोडीनात. "मामा, साखळी पुढच्या चाकांना घालायची की मागच्या? किल्लारीच्या वेळी तुम्ही ट्रकला नाडा बांधला होता म्हणून सांगायचात ना, तो कुठल्या चाकांना?" त्याच्या स्वरात अर्धी थट्टा होती, अर्धी चिंता. काचेवर आतून धुके धरते आहे, हीटर लावावा की एसी, हा दुसरा प्रश्नही त्याने लगोलग विचारला.

आम्ही उभ्या जन्मात बर्फात गाडी चालवली नाही. तरी उत्तर देता आले, ते आपल्या बीदर-कलबुर्गीच्या मातीमुळे. त्या उत्तरामागचा इतिहास या अंकात मांडावा असे वाटले.

आपल्या घराण्यांपैकी बहुतेकांच्या पूर्वजांनी हा मुलूख बैलगाडीतून पाहिला. बीदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पावसाचे पाणी त्या तांबड्या, सच्छिद्र जमिनीत चटकन मुरते आणि तासाभरात वाट पुन्हा चालती होते. मात्र पठार उतरून भालकीकडे, मांजरेच्या खोऱ्याकडे निघाले की काळी जमीन लागते. कलबुर्गीकडे तर ती अधिकच पसरलेली. कन्नडात हिला 'एरे' म्हणतात. या मातीतील चिकण अंश पाणी पिऊन फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हातभर भेगा पडतात. ओली झाली की ती धड घसरू देत नाही, धड चालू देत नाही; चाकाला थरावर थर चिकटत जातो आणि शेवटी चाकाच्या जागी चिखलाचा गुळगुळीत गोळा फिरू लागतो.

बैलगाडीच्या चाकाची रचना आपल्या घरातील वृद्धांना ठाऊक असेलच: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर पाटे आणि पाट्यांवर लोखंडी धाव. लोहार ती धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, तापून रुंदावलेली चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. लोखंड आक्रसले की सारे लाकूड एकमेकांत आवळले जाई. ही धाव जांभ्यावर वर्षानुवर्षे टिके. पण अरुंद असल्याने ओल्या काळ्या मातीत सुरीसारखी रुते. यास्तव मृग लागण्यापूर्वी मीठ, रॉकेल, कापड घरात भरून ठेवायचे आणि दिवाळीपर्यंत दूरची वाट धरायची नाही, असा रिवाज होता. सोयरिकी आणि बाजारहाट यांचे वेळापत्रक पंचांगाइतकेच मातीनेही ठरवले आहे.

गाडीच्या आतल्या हवेचा प्रश्नही तेव्हा होताच. माघातल्या रात्री दमणीत खाली कडबा अंथरीत, त्यावर वाकळ, अंगावर घोंगडी आणि बाजूला तट्ट्या. कडब्याच्या धाटांमध्ये हवा अडकून राहते आणि खालून येणारी थंडी थोपते. वैशाखात हीच दमणी दिवसा झाडाखाली सोडून प्रवास रात्री केला जाई. ज्यांना परवडे त्यांच्या घरी खिडक्यांना वाळ्याचे पडदे असत. त्यावर पाणी शिंपडले की वाऱ्याने ते उडून जाताना उष्णता घेऊन जाई. कलबुर्गीच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय जितका लागू पडतो तितका दमट कोकणात पडत नाही. १९३४ साली फ्रंटियर मेलच्या डब्यांखाली बर्फाच्या लाद्या ठेवून आतली हवा गार करीत. ती श्रीमंतांची सोय होती, पण पाणी आणि वारा यांच्या ज्या मेळावर वाळा चालतो, त्याचेच ते थोरले भावंड म्हणावे.

हवेचा विचार या भागात राजधानीपर्यंत पोहोचला होता. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गादी गुलबर्ग्याहून बीदरला हलवली. राजकीय कारणे काहीही असोत, बीदरची हवा आणि पाणी हेही एक कारण सांगितले जाते, आणि ते पटण्याजोगे आहे. बीदर कलबुर्गीहून बरेच उंच आहे. दोन्ही ठिकाणी नोकरी केलेल्या माणसाला हा फरक पुस्तकात शोधावा लागत नाही.

मोटार आली ती निजामी अमदानीत. निजाम राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. शासनाने स्वतः प्रवासी बस चालवण्याचा हा देशातील आरंभीचा प्रयोग. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूर राज्यात आले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बसगाड्याही वाटल्या गेल्या. आमच्या दोन आत्या निलंग्याकडे दिलेल्या. त्यांच्या माहेरपणाच्या वाटेत एका दिवसात राज्याची सीमा आली. काळ्या मातीला मात्र सीमा ठाऊक नव्हती. दोन्ही बाजूंच्या बसगाड्या आषाढ-श्रावणात तितक्याच रुतत.

आम्ही शासकीय सेवेत आलो तेव्हा दौऱ्याची जीप कापडी छताची होती. हीटर नव्हता, इंजिनाची ऊब पायांशी येई, ती चैत्रातही येई. काचेवर पाणी ठरू नये म्हणून चालक तंबाखूची पाने चोळीत. पौषातल्या धुक्यात हुमनाबादच्या वाटेवर काच आतून भिजे आणि आम्ही फडका घेऊन पुसत बसू. काच थंड आणि श्वास उष्ण, दमट, म्हणून वाफ काचेवर उतरते. आज एसी आणि हीटर एकत्र लावायचे ते याकरिताच: एसी हवेतील ओल काढून घेतो आणि हीटर कोरडी झालेली हवा तापवून काचेवर सोडतो. आतलीच हवा फिरवणारे बटण तेवढे बंद ठेवावे लागते, नाहीतर श्वासातील ओल आतच राहते. भाच्याच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. थंडीत एसी कशाला, असे त्याच्या घरातील सर्वांना वाटत होते. आम्हांसही पुष्कळ वर्षे तसेच वाटे.

साखळीची गोष्ट याहून जुनी. न्यू यॉर्क राज्यातील हॅरी वीड या गृहस्थाने १९०४ साली टायरवर बसवायच्या साखळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी मोटारवाले चिखलात आणि बर्फात चाकांना दोर किंवा वेली गुंडाळीत आणि ते पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. तेव्हा साखळीच्या जन्मकथेत बर्फाच्या बरोबरीने चिखलही आहे. कारणही उघड आहे. टायरवरील नक्षीच्या खाचा बर्फाने भरोत वा मातीने, खाचा बुजल्या की रबर सपाट होते आणि पकड जाते. आडव्या कड्या त्या थरात रुतून चाकाला टेकण देतात. साखळी घालायची ती इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांना. भाच्याची मोटार पुढच्या चाकांवर ओढणारी, म्हणून पुढे. वेग जेमतेम सायकलच्या दुप्पट ठेवावा आणि कोरडा रस्ता लागताच साखळ्या उतरवाव्यात. नाहीतर टायर आणि रस्ता दोघांचीही हानी होते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रकला मागे. हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे निजली असता, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. आपल्या जिल्ह्यांतही घरे हादरली. मदतीचे ट्रक घेऊन सीमा ओलांडणाऱ्या कर्मचाऱ्यांत आम्ही होतो. वय तिशीच्या आसपास. आमच्या ट्रकमध्ये ताडपत्र्या, पाण्याची पिंपे आणि औषधे होती. वरून पाऊस. उमरग्याच्या पुढे महामार्ग सोडून आत वळल्यावर थोड्याच अंतरावर मागची चाके बसली. चालकाने जोर दिला तशी ती आणखी खाली गेली. आम्ही तुराट्या टाकल्या, दगड टाकले, बाभळीच्या फांद्या टाकल्या. सारे चाकाखाली जाऊन गडप. पलीकडच्या गावात माणसे उघड्यावर भिजत होती आणि आम्ही दोन-अडीच मैलांवर अडकलेलो.

बांधावरून एक वृद्ध शेतकरी आला. त्याच्याही घराची भिंत पडली होती. त्याने चाक पाहिले, काही न बोलता गेला आणि अर्ध्या घटकेने मोटेचा नाडा खांद्यावर घेऊन आला. विहिरीवर इंजिन बसल्यापासून तो नाडा आढ्याला टांगलेला होता. कोयत्याने त्याचे तुकडे केले, चाकाच्या छिद्रांतून ओवून टायरभोवती आडवे आवळले, आणि गाठी आतल्या अंगाला घेतल्या, जमिनीवर घासून सुटू नयेत म्हणून. "पूर्वी धावंला बी असंच बांधायचो, साहेब. वाईच दमानं सोडा," एवढेच तो बोलला. चालकाने पहिल्या गियरमध्ये हळूहळू क्लच सोडला. ट्रक निघाला.

पुढे आम्ही दौऱ्याचा अहवाल लिहिला. त्यात किती ताडपत्र्या, किती पिंपे, कोणत्या वेळी पोहोचली हे सर्व आहे. विलंबाच्या कारणाच्या रकान्यात 'अतिवृष्टीमुळे वाहन अडकले' असे लिहिले आहे. वाहन निघाले कसे, यासाठी रकाना नव्हता आणि आम्हीही तो काढला नाही. त्या गृहस्थाचे नाव विचारायचे राहिले. सायंकाळी रिकामा ट्रक घेऊन परतताना त्याच बांधाशी थांबावे असे मनात होते. पण अंधार पडला होता, आणि दोरीच्या चिंध्या झालेल्या होत्या.

भाच्याने तासाभराने छायाचित्र पाठवले. पुढच्या चाकांवर साखळ्या, मागे पांढरा उतार. गाठ आतल्या बाजूला घेतली का, असे आम्ही विचारले. साखळीला गाठ नसते मामा, हूक असतो, असे त्याने कळवले. आणि हूक आतल्याच बाजूला आहे, हेही.