फोटो काढणं कायद्याने ‘शिकार’ कधी ठरतं? अजिंठ्याच्या मेजर गिलपासून गौताळ्याच्या वाघापर्यंत

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की साधारण वीस किलोमीटरवर करमाड लागतं. हायवे, रेल्वे स्टेशन, शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत. कॅमेरा घेऊन मुद्दाम इथे कुणी थांबत नाही. पण नकाशावर करमाडला टाचणी लावून सव्वाशे किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात अजिंठा, वेरूळ, भोकरदन तालुक्यातलं अन्वा, लोणार आणि मेहकर हे सगळं बसतं. याच टापूत दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक लष्करी अधिकारी कॅमेरा घेऊन फिरत होता. त्याचं नाव मेजर रॉबर्ट गिल.

‘अजिंठा’ हा २०१२ सालचा मराठी चित्रपट पाहिलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. ना. धों. महानोरांनीही गिल आणि पारो यांच्या प्रेमकहाणीवर लिहिलं आहे. मात्र या कहाणीमुळे गिलचं दुसरं काम झाकोळून गेलं. मराठवाडा आणि वऱ्हाडातली देवळं, लेणी, दऱ्या आणि जनावरं यांचे फोटो काढणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लोकांमध्ये तो होता.

गिल इथे आला कशासाठी?

फोटोसाठी नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्यावर १८४४ मध्ये अजिंठ्यातल्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं काम सोपवलं गेलं. तेव्हा हा मुलूख निजामाचा होता. गिल अजिंठा गावात राहिला, वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात चित्रं उतरवत राहिला आणि ती लंडनला पाठवत राहिला. तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती लोकांना पाहायला लावली होती. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि बहुतेक चित्रं जळाली. वीसेक वर्षांच्या कष्टातून मोजकीच उरली.

मधल्या काळात, १८५० च्या दशकात, त्याने कॅमेरा हाती घेतला होता. त्यातून १८६४ साली लंडनमध्ये दोन पुस्तकं निघाली. दोन्हींत फोटो गिलचे आणि मजकूर स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांचा. एक कातळात कोरलेल्या लेण्यांवर. दुसऱ्याचं नाव लांबलचक होतं: ‘वन हंड्रेड स्टिरिओस्कोपिक इलस्ट्रेशन्स ऑफ आर्किटेक्चर अँड नॅचरल हिस्टरी इन वेस्टर्न इंडिया’. म्हणजे पश्चिम भारतातलं स्थापत्य आणि निसर्ग दाखवणाऱ्या शंभर जोडचित्रांचं पुस्तक.

मग चित्रांऐवजी सरळ फोटोच का काढले नाहीत?

याचं उत्तर रसायनात आहे. तेव्हाची पद्धत ‘वेट कोलोडियन’ची होती. १८५१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. काचेवर चिकट द्रावण ओतायचं, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूतल्या अंधारात ती डेव्हलप करायची. हातात दहा-पंधरा मिनिटं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणजे लोणारला जायचं तर कॅमेऱ्यासोबत काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखा तंबू असं सगळं बिऱ्हाड बैलगाडीत किंवा जनावरांच्या पाठीवर लादून न्यायचं.

शिवाय या काचेला फक्त निळा-जांभळा प्रकाश नीट ‘दिसायचा’. तांबडा आणि पिवळा रंग फोटोत काळपट यायचा. अजिंठ्याची चित्रं तर गेरू आणि पिवळ्या मातीच्या रंगांनी भरलेली! वर लेण्यातला अंधार. त्यामुळे भिंतींसाठी कुंचला आणि बाहेरच्या दगडासाठी कॅमेरा, ही वाटणी अटळ होती. अजिंठ्याचे रंग कॅमेऱ्यात नीट यायला विसावं शतक उजाडलं. गुलाम याझदानी यांचे ग्रंथ १९३० पासून निघू लागले. पुढे १९९० च्या दशकात बिनॉय बहल यांनी झगझगीत दिवे न लावता, अगदी कमी उजेडात ही चित्रं टिपली. आजही लेण्यांत फ्लॅश चालत नाही. तो बंद आहे ना, हे आत जाण्याआधी मोबाईलच्या सेटिंगमध्ये बघून घ्यावं.

पुस्तकातली जनावरं जिवंत का नाहीत?

दगड हलत नाही, जनावर हलतं. फोटो घ्यायला काही सेकंद लागत असतील तर चरणाऱ्या हरणाचा नुसता धूसर ठिपका उरतो. त्यामुळे गिलच्या पुस्तकातला ‘निसर्ग’ म्हणजे शिकारीत मारलेली जनावरं. गिल पट्टीचा शिकारी होता, वाघांचाही. आधी बंदूक, मग कॅमेरा, असा तो क्रम.

मराठीत ‘टिपणं’ हा शब्द शिकाऱ्याच्या नेमालाही लागतो आणि फोटोलाही. गिलच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच जनावराला लागू पडले.

जिवंत रानटी प्राण्याचा फोटो मिळवण्याची युक्तीही एका शिकाऱ्यानेच शोधली. अमेरिकेतल्या जॉर्ज शिरास यांनी जनावराच्या वाटेवर दोरी ताणून ठेवली. दोरीला धक्का लागला की फ्लॅश आणि कॅमेरा आपोआप चालत. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने १९०६ मध्ये त्यांचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी हीच पद्धत वाघांवर वापरली आणि १९२७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आजचा कॅमेरा ट्रॅप याच दोरीचा वंशज आहे. दोरीच्या जागी सेन्सर आला, इतकंच.

आणि माणसं?

त्या काळात माणसांचेही फोटो निघत होते, पण बहुतेकदा ‘नमुने’ म्हणून. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्यात सक्रिय होते. याच सोसायटीतल्या विल्यम जॉन्सन यांनी १८६३ ते १८६६ दरम्यान मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांतली माणसं एका ठिकाणी उभी करून टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतला. दोन्ही जोडून एक चित्र. फोटोशॉप येण्याच्या सव्वाशे वर्षं आधी! फोटोखाली जातीचं नाव असायचं, माणसाचं नाही.

ही खोड अजून गेलेली नाही. नाथषष्ठीला पैठणला आलेला वारकरी किंवा तांड्यावरची बंजारा आजी इन्स्टाग्रामवर ‘रस्टिक इंडिया’ होऊन जाते. फोटो काढण्याआधी विचारणं, नाव लिहून घेणं आणि नंतर तो फोटो त्यांना पाठवणं यात पाच मिनिटं जातात. विचारल्यावर पोझ बिघडते, ही तक्रार खरी आहे. पण थोडं बोलत बसलं की माणसं पुन्हा मोकळी होतात.

आता कायदा काय म्हणतो?

सोशल मीडियावर फोटो टाकणाऱ्या अनेकांना एक गोष्ट माहीत नसते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधली ‘शिकार’ची व्याख्या बंदुकीपुरती नाही. जनावराला हाकून बाहेर काढणं आणि आमिष दाखवणं त्यात येतं. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत तर अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. कायद्याच्या अनुसूचीतल्या प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि आपल्याकडचे बहुतेक पक्षी त्यात आहेत.

घुबड समोर यावं म्हणून उंदीर बांधणं, घरटं नीट दिसावं म्हणून आडवी फांदी छाटणं, थवा उडताना मिळावा म्हणून मुद्दाम त्याच्या दिशेने धावत जाणं. ज्याने हे केलं त्याच्या हातात फक्त लेन्स असली तरी कायद्याच्या नजरेत त्याची जागा गिलच्या बंदुकीशेजारी असू शकते. फांदी छाटली की घरट्यावर ऊन येतं आणि ते कावळ्या-शिकऱ्यांनाही दिसू लागतं. फोटोग्राफर निघून गेल्यावर पिल्लांचं काय होतं, हे त्या फोटोत येत नाही.

अभयारण्यात शिरायलाही परवाना लागतो आणि ‘छायाचित्रण’ हे त्यासाठी कायद्यात नमूद केलेलं एक कारण आहे. करमाडच्या माणसाला जवळचं म्हणजे पैठणचं जायकवाडी पक्षी अभयारण्य. १९८६ मध्ये ते घोषित झालं आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. तिथल्या फोटोसोबत लोकेशन टाकताना जरा थांबावं. उथळ पाण्यातल्या थव्याचं फार बिघडत नाही, पण घरट्याचं लोकेशन दिलं की दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते. फोटोच्या फाइलमध्येही जागेची नोंद लपलेली असते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते.

गौताळ्यात काय दिसलं?

मार्च २०२१ मध्ये कन्नड-चाळीसगाव डोंगरातल्या गौताळा औट्रम घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपसमोरून एक वाघ चालत गेला. कित्येक दशकांनी या भागात वाघाची नोंद झाली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे. ते जुळवून पाहिल्यावर कळलं की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. शेतं, रस्ते, गावं ओलांडत तो शेकडो किलोमीटर आला होता. हा फोटो काढायला झाडामागे कुणी बसलेलं नव्हतं.

गिलचे फोटो आज कसे पाहायचे?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्याच्या फोटोंचा मोठा संग्रह आहे. हे फोटो जोडीने असतात. दोन डोळ्यांत जेवढं अंतर असतं साधारण तेवढ्याच अंतरावरच्या दोन भिंगांतून ते घेतलेले. मोबाईलवर अशी जोडी उघडायची, दोन्ही चित्रं मिळून साधारण चार बोटं रुंद ठेवायची आणि नजर स्क्रीनच्या पलीकडे लांबवर सोडायची. काही क्षणांत मध्ये तिसरं चित्र उभं राहतं आणि लेण्याचे खांब पुढे-मागे सरकल्यासारखे दिसू लागतात. पहिल्या प्रयत्नात जमत नाही. चष्मा असेल तर लावूनच बघावं.